रकाना सातवा

खाणीच्या अर्जात सातवा रकाना : वनस्पती.
नऊ वर्षं मी तिथे एकच शब्द लिहीत आलो, निरंक.
खोर खुवैरच्या मागचा हा डोंगर, सगळा चुनखडीचा,
जूनमध्ये हात टेकला तर कातडी ठेवून घेणारा.
बाभळी खाली वादीत. वर एक काडी नाही.
निरंक. सही. शिक्का.
मग गुलरेज भोकं पाडतो, साडेबाराला भोंगा,
आणि डोंगराची एक पायरी
धूळ होऊन खाली बसते.

जानेवारीत एका पहाटे
समुद्रावरून धुकं वर चढलं होतं.
लघवीला म्हणून जीप थांबवली
आणि उत्तरेच्या कड्यावर शेंदूर दिसला.
खरंच सांगतो, हात अर्धे जोडले गेले होते.
आमच्या देवरुखाकडे बांधावरचा धोंडा असाच असतो,
पहिला हात कुणी फिरवला, कुणालाच ठाऊक नसतं.
पण इथे कोण फिरवणार?
सर्व्हेवाल्यांनी मारलेला रंग असेल, गुलरेज म्हणाला.
सर्व्हेवाला तर मीच.
नखाने खरवडलं. निघेना.

पंधरा दिवसांनी मौझा अल शेही आली,
गळ्यात भिंग, बूट धुळीने पांढरे.
तिचे आजोबा याच कड्याच्या माथ्यावर गहू पेरायचे,
दगडी टाक्यात धरलेल्या पाण्यावर.
ती ओणवी झाली, बघत राहिली, मग भिंग मला दिलं.
केशरी चकत्या, तडकलेल्या,
त्यांवर बाहुलीच्या भातुकलीतल्या थाळ्या, शेकडो.
कॅलोप्लाका, ती म्हणाली, म्हणजे सुंदर पापुद्रा, असंच काहीतरी.
झाड नाही, गवत नाही. एक बुरशी आणि एक शेवाळ,
एकीने घर धरायचं, दुसऱ्याने उन्हाचं जेवण करायचं.
मूळ नाही. माती नको.
पहाटेचं दव पिऊन आठ-नऊपर्यंत जगायचं,
मग दिवसभर मेल्यासारखं पडून राहायचं.
रंग कशाला? उन्हाची छत्री.

कुठे कुठे सापडतं हे?
कुठे नाही ते विचार.
बर्फाच्या मुलखात, लाटा फुटतात त्या खडकांवर,
पडक्या बुरुजांवर, कबरींच्या दगडांवर.
पण या उन्हात जरा निवडक :
दगड चुन्याचा, तोंड उत्तरेला,
खाडीची ओल पोचेल इतकीच उंची.
आणि जिथे पक्षी बसतात तिथे दाट.
ते का?
शिटेवर पोसतं, ती म्हणाली, अगदी गंभीरपणे.
माझा शेंदूर!

वर्षाला किती वाढतं, विचारलं
तर तिने नखाची कड दाखवली, आणि म्हणाली, इतकंही नाही.
तळहाताएवढ्या एका डागावर
प्लॅस्टिकची चौकटी ठेवून ती घरं मोजत होती.
तिच्या आजोबांनी त्याला पाठ टेकली असेल का,
हे मी विचारलं नाही.
कड्याला वळसा घालून दक्षिणेकडे गेलो.
तिथे खरोखरच निरंक.

रात्री खोलीवर आमटी टाकताना
वहिनीने दिलेल्या मसाल्याच्या पुडीत
दगडफुलाचा एक काळपट तुकडा सापडला, न कुटलेला.
हे त्याचंच लांबचं भाऊबंद.
इतकी वर्षं खात होतो
आणि लिहीत होतो, निरंक.

मार्चचा अर्ज आला.
सातव्या रकान्यात लिहिलं, उत्तरेचा कडा : आहे.
ऑफिसातून परत. लाल शाईत : काय आहे? झाडं किती?
झाडं शून्य, मी लिहिलं. आहे मात्र आहे.
पुन्हा परत.
तिसऱ्यांदा त्यांनीच निरंक टाइप करून
सहीपुरती जागा ठेवली.
सही माझी आहे. लपवत नाही.

त्या आठवड्यात गुलरेजने ड्रिल दक्षिणेकडून लावली.
का, तर कॉम्प्रेसर तिकडून जवळ पडतो.
पडत नाही. नऊ वर्षं मीच अंतर मोजतोय.

उत्तरेचा कडा अजून आहे,
साडेसहाला ओला, दहाला कोरडाठाक.
एक काळापांढरा पक्षी येऊन वर बसतो,
इकडेतिकडे बघतो,
आपलं काम उरकतो,
आणि उडून जातो.